बारवेच्या वाटेवरची भिंत

संपादकांनी मोठ्या प्रेमानं निरोप धाडला. तुम्ही जालना, अंबड, भोकरदन सगळं पायाखाली घातलंय, तेव्हा आपल्या मुलखातल्या पाहण्यासारख्या ठिकाणांवर दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहाच. निरोप वाचून मला हसू फुटलं. गावोगावची पाहण्यासारखी जागा बंद करण्यात ज्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यालाच हे विचारतात, की बाबा रे, पाहायला काय काय आहे!

तर राजूरचा गणपती आहे, अंबडची देवी आहे, भोकरदनला नदीकाठी लेणी आहेत. ही ठिकाणं तुम्हाला कोणीही दाखवील. मी सांगणार बारवांचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. वरून दोर सोडायचा नाही, आपणच पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायचं. दोन्ही बाजूंनी घडीव दगड, मधे देवड्या, कोनाडे, कुठं हत्ती कोरलेला तर कुठं नुसतीच वेलबुट्टी. वर वैशाखाचं ऊन कवटी फोडत असलं, तरी खालच्या पायरीवर अंगाला गारवा लागायचा. गावात पाहुणा आला, नवा जावई आला, की जेवण झाल्यावर पान चघळत त्याला न्यायचं कुठं? बारव दाखवायला. आणि बायकांचं तर विचारूच नका. सासूचा कान पोचत नाही अशी गावातली ती एकच जागा. घागर भरायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ प्रत्येकीला लागायचा, आणि त्यात त्यांची बिलकुल चूक नव्हती.

बारव सगळ्या गावाची, असं म्हणायची पद्धत होती. पण सगळं गाव काही पायऱ्या उतरत नव्हतं. महारवाड्यातल्या बाया वरच घागरी मांडून ताटकळत उभ्या असायच्या. कोणाला दया आली तर पाणी पडायचं. आमच्या कामानं ते काही बदललं नाही, खोटं कशाला बोलू?

आमचं काम काय, ते आता सांगतो. मी जातीचा पाथरवट. माझ्या आज्या-पणज्यांनी असल्या बारवा बांधल्या असं आमच्या घरात सांगायचे, आणि मी निजामाच्या राज्यात विहिरींच्या कामावर मुकादम म्हणून लागलो तो त्यांच्या पायऱ्यांची वाट अडवायला. कारण होतं नारू. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नाही, देवाची कृपा. नारू म्हणजे दोऱ्यासारखा पांढरा किडा. माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर येतो. पायाची अशी आग होते, की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात बुडवतो. तेवढंच त्या किड्याला पाहिजे असतं. पाय बुडाला की तो आपली पिलावळ पाण्यात सोडतो. ते पाणी दुसऱ्यानं प्यायलं, की वर्षाभरानं त्याच्या पायातून नवा नारू. ओढून काढता येत नाही. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा, आणि मधेच तुटला तर पाय भोपळ्यासारखा सुजतो. उन्हाळ्यात असं गाव पाहिलंय मी, जिथं अर्धी माणसं पायाला काडी बांधून ओसरीवर बसलेली आणि शेतात कोणी नाही.

म्हणून वरून हुकूम आला, की पाण्यात पाय पडता कामा नये. पायऱ्यांवर आडवी भिंत घालायची, विहिरीच्या तोंडाशी कठडा बांधायचा, त्यावर कप्पी बसवायची. पाणी दोरानं वर ओढायचं. सांडलेलं परत आत जाऊ नये म्हणून ओटा बाहेरच्या अंगाला उतरता करायचा. झालं आमचं काम. कागदावर सोपं होतं. गावात शिरलो की समजायचं.

वडीगोद्रीच्या बाजूला एका गावचे पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुकादम, भिंत घाला की, कोण न्हाई म्हणतंय? फकस्त आमच्या वाड्याकडून एक बारकं दार ठेवा. आमच्या घरच्यांपुरतं." मी म्हटलं, "पाटील, मंग नारूलाबी सांगून ठेवा, तुमच्या घरच्यांकडं येऊ नको म्हणून." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी मात्र न्याहारी धाडली.

भोकरदनकडे एक म्हातारे मास्तर होते. दर सुट्टीत बारवेत बसून नक्षीची चित्रं काढायचे. मी पहार घेऊन आलेला पाहिला तसे आडवे आले. "अरे कसाया, हे कुणी घडवलं ठाऊक आहे का तुला?"  मी माणसांना चिलीम ओढायला बसवलं आणि मास्तरांना म्हटलं, "काढा तुमचं चित्र. होईस्तोवर दगड लावत न्हाई." त्यांचं चित्र काही लवकर संपेना. कामावरच्या साहेबानं मला फैलावर घेतलं, ते वेगळंच. जाताना मास्तर माझ्या हाताला हात लावून गेले. ते ज्याचं चित्र काढत होते तो कोरीव हत्ती आमच्या भिंतीआड गेला, त्याला शेवटचं पाहणारा मीच. फार वाईट वाटलं. पण त्याच बारवेच्या वरच्या पायरीवर नारूची काडी पायाला बांधून माणसं बसली होती, तीही मीच पाहत होतो.

असे पुष्कळ किस्से आहेत. पण मला सांगायची आहे ती हसनाबादेपलीकडच्या एका गावाची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले वाचतील त्यांना कळेलच.

ही पोलीस ॲक्शनच्या बऱ्याच आधीची हकीकत. त्या गावची बारव मी पाहिलेल्या सगळ्यांत देखणी. दिवसाउजेडी पाणी निळं दिसायचं. अगदी खाली, पाण्याला लागून एक कोनाडा होता आणि त्यात शेंदूर लावलेले हाताएवढाले सात दगड, चुन्यात बसवलेले. साती आसरा. पाण्यातल्या बाया. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा पाण्यावर येते. आसरांची पूजा करते, त्यांची ओटी भरते, बाळाला त्यांच्या पायांवर घालते. मग ती पाणी भरायला मोकळी. त्या गावचा रिवाज असा कडक, की बाळंतिणीनं घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहूनच पूजा करायची.

आम्ही कठडा बांधला, ओटा केला, कप्पी बसवली. भिंतही बरीचशी चढली होती. माणूस वाकून आत जाईल एवढी फट ठेवली होती आणि ती बुजवायला मापाचा मोठा दगड घडवून बाजूला ठेवला होता. गावात दवंडी फिरवली होती, की ज्याच्या पायाला नारू त्यानं पायरीवर यायचं नाही. लोक ऐकत होते. मी मनात म्हटलं, चला, हे गाव शहाणं दिसतंय.

आणि सकाळी सकाळी वाजंत्री वाजली.

पाहतो तर सवाष्णींचा घोळका येऊन राह्यलाय. मधे हिरवं लुगडं नेसलेली एक तरणी बाई, कुशीत तान्ही पोर, आणि बाई लंगडतेय. घोट्याशी एरंडाचं पान बांधलेलं आणि पानातून काडी बाहेर आलेली. पुढे तिची सासू, भागाबाई. हातात ताट, चेहरा असा की वाटेत वाघ आला तरी त्यानंच बाजूला व्हावं.

मी फटीसमोर उभा राहिलो.

"मुकादम, सरका," भागाबाई म्हणाली.

"आत्याबाई, सगळ्यांनी जावं. हिला न्हाई सोडणार. हिच्या पायाला नारू हाय."

"अहो, ओटी हिची भरायची का माझी? हिनंच न्हाई जायचं तर आम्ही काय मिरवायला आलोत?"

"पाण्यात पाय न घालता करा की पूजा."

"तसं चालत न्हाई!" चार-पाच जणी एकदम बोलल्या.

मी सुरू झालो. नारू कसा होतो, पाणी कसं नासतं, पुढच्या वर्षी कोणाकोणाला होईल. बोलता बोलता माझा आवाज चढला. लंगडणारी बाई ऐकून घेत होती. तिचं नाव सरू. मग ती पुढे आली. सासूला मागे सारून, माझ्याकडे बघत बोलली, आणि तिचा आवाज बिलकुल चढला नव्हता.

"दादा, माझा पहिला पोरगा झाला तवाबी पायाला नारूच व्हता. उठताच येत नव्हतं, म्हणून मी आल्ते न्हाई. पोरगा गेला. दुसऱ्या टायमाला बी तसंच. आत्याबाई माझ्या वतीनं येऊन गेल्त्या. तो बी गेला. आता ही तिसरी. मी हिला घेऊन पाण्यात उभी राहणार. तुमी गावाचं सांगून राह्यले. गावाचं गाव बघंल. माझी एकच हाय."

 माझ्या हाताखालच्या गवंड्यानं तोंड फिरवलं.  पण मी बाजूला झालो नाही. झालो असतो तर त्या गावात सगळी भिंतच फुकट. आणि अडवून तरी किती वेळ अडवणार? घोळक्यातल्या बाया आता मला ढकलण्याच्या बेतात होत्या.

तेवढ्यात शरीफाबी आली. गावची दाई. काठी टेकत, धापा टाकत आली आणि पायरीवर बसली. त्या गावातली अर्धी माणसं तिच्याच हातात जन्मलेली, म्हणून तिच्यासमोर भागाबाईचाही आवाज अर्धा व्हायचा.

"काय गडबड लावलीय गं?" तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भागाबाईला विचारलं, "मला एक सांग. ह्या तुमच्या आसरा बाया हायत का न्हाईत?"

"हायत की."

"मंग बायांना घरी बोलवायची रीत न्हाई का तुमच्यात? हळदीकुंकवाला बोलावणं धाडता, तवा समदं गाव येतं. बाळंतिणीचा पाय दुखून राह्यलाय तर त्या चार पायऱ्या वर न्हाई येणार? बाईच बाईचं न्हाई समजणार तर मंग कोण?"

"देव हलवत न्हाईत, शरीफाबी."

"हलवा कोण म्हणतंय? बोलवा म्हणतेय मी. पाहुण्या म्हणून."

 सगळ्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. पाहुण्या म्हटल्यावर सगळं बदललं. दोघी सवाष्णी हळदीकुंकू घेऊन फटीतून आत गेल्या, खाली जाऊन रीतसर आमंत्रण करून आल्या. आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. दगड चुन्यात बसवलेले. ते सोडवणार कोण? पाथरवटच.

आता मी काही सुधारलेला माणूस नव्हतो. माझी आई सांगायची, घडवायला देवाला छिन्नी लावावी, उखडायला लावू नये.  चप्पल काढली, हात धुतले, खाली गेलो. चुना जुना होता, हलक्या हातानं सोडवावा लागला. एकेक दगड सुपात ठेवला. डोक्यावर सूप घेऊन वर आलो.

ओट्यावर त्यांना मांडलं. नव्या कप्पीवरून पहिली घागर वर आली ती त्यांच्या अंघोळीला. सरूनं पूजा केली, ओट्या भरल्या, पोरीला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग मला हळूच विचारलं, "दादा, तुमी आणलं त्यांना. खरंच आल्या का हो त्या?"

मी म्हटलं, "ताई, आयुष्य गेलं दगड उचलण्यात. हे दगड जड लागले मला."

ते खरं होतं. भीतीनं असेल, पण लागले. सरू तेव्हा पहिल्यांदा हसली.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण एक चूक आमच्या सगळ्यांकडून होऊन गेली. पाहुण्यांना बोलावलं खरं, पण त्या परत कधी जायच्या हे कोणी ठरवलंच नाही. मी धरून चाललो, की त्या आता वरच राहणार. मी तर कठड्यात त्यांच्यासाठी नवा कोनाडाही केला आणि त्यात त्यांना ठेवलं. भागाबाई धरून चालली होती, की मुकादम संध्याकाळी त्यांना खाली नेऊन ठेवील. शरीफाबी जाऊन निजली. आणि दोन-तीन दिवसांनी पोरगी तापानं फणफणली.

झालं! सगळं गाव बारवेवर. भागाबाई मोठमोठ्यानं रडत होती. "पाहुणीला कुंकू लावून वाटंला लावायची असती, तिला कोंडून घालत्यात का? पाठवणी न करता ठेवून घेतल्या म्हणून कोपल्या त्या! माझ्या नातीवर कोपल्या! फट बुजवायच्या आत खाली ठेवा त्यांना, मुकादम, पाया पडते तुमच्या!"

तिची श्रद्धा, तिची रीत, तिच्या हिशेबानं बरोबरच होतं की सगळं. पण दगड खाली गेले, की प्रत्येक बाळंतीण खाली जाणार. भिंत राहणार नाही. पाटील म्हणाले, "मुकादम, फट राहू द्या. लोकांच्या मनाविरुद्ध कशाला?" माझे गवंडी म्हणाले, पोरीला काही झालं तर आपल्याला इथून चालत जाऊ देणार नाहीत. आणि माझ्या स्वतःच्या मनात काय होतं विचाराल, तर मी तो मापाचा दगड बाजूला सारून सूप मागवलं होतं. हो, मागवलं होतं. कोनाड्यातून एक आसरा उचलून सुपात ठेवलीसुद्धा. पोरीच्या जिवावर भिंत बांधायची माझ्यात छाती नव्हती.

तेव्हा सरू आली. पोर खांद्याशी धरलेली, पदराखाली झाकलेली. पोरीचा श्वास लांबून ऐकू येत होता. पाय ओढत ती सरळ माझ्यापाशी आली आणि सुपातली आसरा उचलून तिनं परत नव्या कोनाड्यात ठेवली. 

"सरे, अगं काय करून राह्यली!" भागाबाई ओरडली.

"आत्याबाई, पाहुणीची पाठवणी असती," सरू म्हणाली. "पण आई लेकीकडं आली, तर बाळ धडधाकट झाल्याबिगर ती परत जाती का? मला आई न्हाई. ह्याच माझ्या आया. राहू द्या त्यांना माझ्यापाशी."

भागाबाईनं तोंडात पदर कोंबला. 

मग सरू माझ्याकडे वळली. "दगड लावा, दादा."

मी म्हटलं, "ताई, थांबू थोडं. पोरीला उतार पडू दे. मंग बघू."

"मंग न्हाई. आत्ता लावा. तिला काय झालं तर हे लोक भिंत राहू देणार न्हाईत, आणि मी बी न्हाई राहू देणार. माझंच डोकं फिरंल. म्हणून आत्ता लावा." तिनं पोरीच्या डोक्यावरून पदर सारखा केला. "जगली, तर तिला ह्याच बारवेचं पाणी प्यायचंय."

आम्ही चौघांनी मिळून तो दगड उचलला आणि फटीत बसवला. सांध्यात चुना मीच भरला. ती लंगड्या पायावर उभी राहून शेवटपर्यंत बघत होती आणि पोरगी तिच्या खांद्यावर कण्हत होती.

पोरगी जगली. पुढच्या उन्हाळ्यात कप्पी दुरुस्त करायला गेलो, तेव्हा ओट्यावर रांगताना पाहिली मी तिला, माती खात होती. पण दगड लावा म्हणाली, त्या दिवशी सरूला हे माहीत नव्हतं.